मुलुंडहून आणलेला पहिला खंड

अंधेरीहून मुलुंडला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. गोष्ट पन्नासच्या दशकातली. इंग्रजी कवितांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचं मला भलतंच वेड होतं. कारकुनाला हे परवडतं का, असं आई रोज विचारायची. एका दोन खंडांच्या संग्रहाचा दुसरा खंड माझ्याकडे होता, शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ पुठ्ठ्यासकट. पहिल्यासाठी तीन वर्षं वणवण केली होती. ऑफिसातला मित्र म्हणाला, "अरे, तो आमच्या सावंत मास्तरांकडे आहे ना!" मी मास्तरांना लिहिलं. उत्तर आलं, 'पुढल्या महिन्यात पहिल्या रविवारी या. पुस्तक तयार ठेवतो.'

अंधेरी-कुर्ला रस्त्याने बस धरली. आज त्या रस्त्याने जाणार असाल तर डबा बांधून घ्या. तेव्हा दोन्हीकडे शेतं आणि बसमध्ये आम्ही सहाजण. कुर्ल्याला इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का घेतला, काही आण्यांत पोट भरलं. तिथून गाडीने मुलुंड.

मास्तर फाटकातच उभे होते. "येवा, येवा!" आत काकूंनी घावणे आणि नारळाचा रस मांडला होता.

"आधी पुस्तक बघू का?" मी म्हणालो.

"पुस्तक खंय जाता? गरम आसत तवसर खावा," काकू म्हणाल्या.

खाणं झाल्यावर मास्तरांनी धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. नवंकोरं लाल कापडी बाइंडिंग! "पुठ्ठा पार खिळखिळा झाला होता हो. जाणकाराला तसं कसं द्यायचं? कडाही साफ कापून घेतल्या." पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत माझं पूर्ण नाव होतं, मी पत्राखाली लिहिलं होतं तसंच्या तसं.

जुन्या आवृत्तीचा जीव तिच्या मूळ पुठ्ठ्यात आणि न कापलेल्या कडांत असतो. मला रडू येत होतं.

"आवडलं ना?" मास्तरांनी विचारलं.

"झकास," मी म्हणालो. पैसे काही त्यांनी घेतले नाहीत.

परतताना सगळा वेळ मी मनात चरफडत होतो, पण रागावणार कुणावर? घरी दोन्ही खंड शेजारी ठेवले. नवा बोटभर बुटका दिसत होता.

पुढे बोरिवलीच्या लहान जागेत आलो तेव्हा सगळा संग्रह विकायला काढला. घेणाऱ्याने एकेक पुस्तक हातमोजे घालून उचललं, दुसरा खंडसुद्धा. लाल पुस्तक तेवढं परत केलं. "याला कोण घेणार, साहेब?"

ते माझ्याकडेच आहे. त्यावर चहाचे डाग आहेत, पानं दुमडली आहेत, समासात माझ्या खुणा आहेत. बाकीची पुस्तकं खराब होतील म्हणून मी कधी धड उघडलीच नव्हती. जमवलेल्या सगळ्या कवितांपैकी मी वाचल्या त्या एवढ्याच.