सातव्या क्रमांकाची काच

सातवी काच भिंतीने फोडली की हिम्मतरावांच्या छिन्नीने? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही.

गौलीगुड्यातील त्या प्रोटेस्टंट चर्चचा मनोरा शंभर वर्षांहून जुना. करड्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, टोकदार कमानी, सागवानी छत आणि सांध्यांत गूळ-हिरड्याच्या पाण्यात मळलेला चुना. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हात सोडते, हे गवंडीकाम करणाऱ्या वडिलांनी हिम्मतरावांना लहानपणीच शिकवले होते. तरीही १९८९ साली चर्चच्या समितीला मनोरा गुळगुळीत हवा झाला, तेव्हा त्यावर सिमेंटचा गिलावा चढवणारे हात हिम्मतरावांचेच. आत कोंडलेले पाणी तीस वर्षे चुना खात राहिले आणि मनोऱ्याला तडे गेले.

२०२१ साली मनोरा उतरवण्याची भाषा सुरू झाली. पाहणीसाठी प्रियदर्शिनी नावाची अभियंता आली. मूळची पुण्याची, राहायला कुकटपल्लीत. तिने तड्यांवर आडव्या चौदा काचपट्ट्या पक्क्या बसवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भिंत सरकली की काच फुटते. नाताळपर्यंत एकही फुटली नाही तर मनोरा राखायचा, असे समितीने ठरवले. दरम्यान सिमेंट उतरवून भिंत सुकवणे आवश्यक होते. चौसष्ट वर्षांचे हिम्मतराव ते काम मागायला स्वतः गेले. काचेपासून चार हात दूर राहायचे, एवढीच अट प्रियदर्शिनीने घातली.

रोज कामाला हात लावण्याआधी ते चौदाही काचांवरून बोट फिरवत.

"घरच्या देवाला कधी फूल वाहिलं नाही," त्यांच्या पत्नी भामाबाई म्हणाल्या, "आणि तिकडं भिंतीची नाडी बघताय."

"देवाला मी सिमेंट नाही लावलं," हिम्मतराव म्हणाले आणि डबा उचलून निघाले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांचे बोट सातव्या काचेवर अडले. काच मधोमध चिरली होती. आदल्या दिवशी ते अट पाळून तिच्या खालीच, पण बरोबर चार हातांवर काम करत होते. म्हणजे हादरा पोहोचला असेल, किंवा नसेल. हत्यारांच्या पेटीत प्रियदर्शिनीने ठेवलेल्या कोऱ्या काचपट्ट्या होत्या. त्यांनी एक काढली, चिरलेल्या काचेवर धरून पाहिली. माप नेमके होते. तेवढी तारीख घालायची राहिली असती. मग त्यांनी पट्टी कपड्यात गुंडाळून परत ठेवली आणि परांचीवरून खाली येऊन पायरीवर बसले.

भिंतीने काच फोडली असे म्हटले, तर मनोरा जाणार. आपण फोडली असे म्हटले, तर काम जाणार. अर्धे सिमेंट तसेच राहणार आणि पहिल्याच पावसात पाणी त्या उघड्या कडेतून आत शिरणार. हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

दहाच्या सुमारास प्रियदर्शिनी आली.

"कधी फुटली, काका?"

"काल. माझी छिन्नी लागली."

तिने काच जवळून पाहिली. घावाची खूण नव्हती. "लागली, की नुसता हादरा बसला?"

"लागली म्हणतो ना, बाई. तसंच लिहा."

"मग उद्यापासून तुम्हाला परांचीवर चढू देता येणार नाही."

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "तेवढं समजतं मला."

तिने वहीत लिहिले. काच बदलली गेली, नाताळची मुदत पुढे गेली. नवा गवंडी शोधायचे ठरले, पण चुन्याचे काम जाणणारा कोणी मिळाला नाही. पाऊस सुरू झाल्यावर हिम्मतराव रोज छत्री घेऊन फाटकाशी येत आणि अर्ध्या सोललेल्या भिंतीकडे पाहत उभे राहत. त्यांना आत सोडण्याची रखवालदाराला मुभा होती. पण आत सोड, असे ते त्याला कधी म्हणाले नाहीत. जुलै २०२२ मध्ये सिमेंटचा मोठा पोपडा आवारात कोसळला, आणि त्यानंतरच्या बैठकीत समितीने मनोरा उतरवायचे ठरवले; काचांचा विषय कोणी काढला नाही.

मार्च २०२३ मध्ये मनोरा उतरवण्यात आला. त्या दिवशीच्या नोंदीत चौदाही काचा अखंड आहेत.