दाराबाहेरची राखण

भाजे गावचे निवृत्ती केदारी बावीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते. भाताच्या खाचरांतून जाणारा एक कच्चा रस्ता रूळ ओलांडत असे, तिथलं ते फाटक. पुढं पूल झाला, फाटक बंद पडलं, त्याच वर्षी निवृत्तीआबाही घरी बसले. तरी गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना गेटमनच म्हणत.

आबांना त्याचा अभिमान होता. "बावीस वर्षांत एक म्हैससुद्धा गेली न्हाई माज्या फाटकावर," ते सांगत. राखण करायची त्यांची एक रीत होती. झेंडी गाडीला दाखवायची, पण डोळा रस्त्यावर ठेवायचा. गाडी बिचारी आपल्या रुळावरून येते आणि जाते. घात करतो तो रस्ता. घाईतला ट्रॅक्टर, फाटकाखालून सायकल घालणारं पोरगं, रविवारी लेण्यांकडं निघालेली पुण्या-मुंबईची वाहनं. त्यांना थोपवलं की काम झालं.

घरी मुलगा गौरव, सून अनिता आणि नात सृष्टी. गौरव तळेगावकडच्या कंपनीत पाळीवर जाई. अनिता लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर बसे, घरी यायला तिला सात वाजत. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळं शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत सृष्टी आबांच्या ताब्यात असे.

सृष्टी अकरा वर्षांची. गणितात हुशार. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी अनितानं तिला मोबाईलवरचा क्लास लावला. संध्याकाळी पाच ते सहा, बारा मुलं आणि एक सर. घरात खोल्या दोनच. आतल्या खोलीत तिचं टेबल मांडलं, आणि निघताना अनिता सासऱ्यांना म्हणाली, "आबा, तेवढा तास तिच्याकडं लक्ष ठेवा हं."

लक्ष ठेवणं आबांना शिकवायला नको होतं. पाच वाजता ते आतल्या खोलीचं दार ओढून घेत, बाहेर खुर्ची टाकत आणि अंगणाकडं तोंड करून बसत. टीव्ही बंद. कुकर सहानंतर. मांजरालाही मज्जाव.

शेजारचे गेणू तंबाखू मागायला येत आणि पायरीवरूनच आवाज देत. "काय गेटमन, आज कुटली गाडी?"

"गणिताची एक्सप्रेस. हळू बोल."

"मग मला सोडा की पलीकडं. चुना आत हाय तुमचा."

"सिग्नल न्हाई. सा वाजता ये."

"पेन्शन घेऊन बी डूटी सुटंना तुमची," म्हणत गेणू हसत परत जात. दाराआडून सृष्टीचंही हसू ऐकू येई. सुरुवातीला.

दिवाळीनंतर सरांचा आबांना फोन आला. बोलणं मोठं अदबीचं. "आजोबा, तुमची नात फार हुशार आहे. तिला मी अर्धा तास जास्त शिकवीन, फी नको. फक्त तेवढ्या वेळात मध्ये कोणी येऊ नये, एवढं तुम्ही बघा."

"त्याची काळजीच सोडा, सर," आबा म्हणाले. फोन ठेवल्यावरही ते थोडा वेळ ताठ बसून होते. एवढा शिकलेला माणूस आपल्यावर काम सोपवतो! संध्याकाळी त्यांनी अनिताला सांगितलं, आणि तिलाही बरंच वाटलं.

फाटकावर असताना आबांनी नुसत्या आवाजावर कधी विश्वास ठेवला नव्हता. स्टेशन मास्तरांचा फोन आला, की आबा फाटक लावत, मग हातातल्या कागदावरचा दोन आकडी नंबर त्यांना सांगत. मास्तर त्यांचा सांगत. दोन्ही वहीत लिहायचे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत. मास्तर रोजच्या ओळखीचे असोत, काल घरी जेवून गेलेले असोत, नंबरावाचून गाडी सुटत नसे. पण हे सर होते. सरांना कोणी नंबर विचारतं का?

जास्तीचा अर्धा तास सुरू झाला. बाकीची मुलं सहाला जात, सृष्टी थांबे. कानात वायर घाली, त्यामुळं बाहेर काही ऐकू येत नसे. दोनेक आठवड्यांत पोरीचं पोट दुखायला लागलं. रोज पावणेपाचला. आबांनी ओवा दिला. तिनं जेवण कमी केलं, नखं कुरतडून बोटं लाल केली. परीक्षेचं टेन्शन, सगळे म्हणाले.

एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली. "आबा, आज तुम्ही आत बसा ना. कॉटवर बसा. मी काही बोलणार नाही तुमच्याशी."

"मी आत आल्यावर तुजं ध्यान माज्याकडं. बस तू. मी हाय हितं. कुनाला येऊ देत न्हाई."

"कोणाला यायला नका देऊ. तुम्ही या."

"सरांचं ऐकायचं, बाळा," आबा म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

चार दिवसांनी ती म्हणाली, "दार उघडं ठेवू का? खूप गरम होतंय."

थंडीचे दिवस. तरी आबांनी आपल्या उशाशी असायचा तो टेबल फॅन आणून आत लावून दिला, आणि दार पुन्हा ओढलं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी वायर फोनमधून निसटली असावी. साडेसहाला पाच मिनिटं कमी होती. दाराआडून सरांचा आवाज आबांना स्वच्छ ऐकू आला. तोच अदबीचा आवाज, पण हलका केलेला.

"घाबरतेस कशाला? आजोबा बसलेत ना दाराशी? मग कोणी येणार नाही."

आबा उठले. दार ढकललं. सृष्टी टेबलाशी नव्हती. कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती, स्वेटर दोन्ही मुठींनी गळ्याशी घट्ट धरलेला. तिनं आबांकडं पाहिलं, पण ती त्यांच्याकडं धावत आली नाही. आबांनी टेबलावरचा फोन पालथा घातला. फोन बंद कसा करतात तेही त्यांना त्या क्षणी आठवेना.

रात्री गौरव फोन भिंतीवर आपटायला निघाला, तेव्हा अनितानं तो त्याच्या हातातून काढून घेतला. "फोडायचा नाही. काही पुसायचंही नाही. आहे तसा पोलिसांकडं जाईल." त्या फोनमध्ये काय काय होतं, ते तिनं एकटीनं पाहिलं. कोणालाच सांगितलं नाही. लेकीला एवढंच म्हणाली, "तुझी काही चूक नाही. मोठ्या माणसानं आईला सांगू नको म्हटलं, की चूक त्याची असते." सृष्टी मान हलवत राहिली, पण तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला. साध्या कपड्यांतल्या बाई पोलीस घरी आल्या, सृष्टीशी हळूहळू बोलल्या, कागद झाले. क्लासवाल्यांनी सांगितलं, त्या माणसाची कागदपत्रं खोटी निघाली. त्याचा नंबर बंद होता. शोध चालू आहे, असं अजूनही सांगतात.

आबांना कोणी बोल लावला नाही. तेच त्यांना जड जात होतं. फोनवर बोलणाऱ्या समुपदेशक ताईंनी घरच्यांना बजावलं होतं, पोरीसमोर एकमेकांना दोष देऊ नका. मग गौरव बापाशी जेवणापुरतं बोले. आणि सृष्टी आबांशी बोलतच नव्हती. रुसलेली नव्हती ती. ताट आणून ठेवी, चष्मा हातात देई, पण तोंडातून आबा म्हणून हाक येत नसे. पूर्वी दिवसातून पन्नासदा येई. आबा दिवसभर त्या एका हाकेची वाट बघत.

गेणूंना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पायरीवरून विचारलं, "गेटमन, खुर्ची कुटं गेली आज?" आबांनी तंबाखूची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि तोंड फिरवलं.

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, अनिता अंगणात तांदूळ निवडत होती. सृष्टी तिला टेकून बसली होती. आबा पलीकडं ओट्यावर. खूप दिवसांनी पोरीनं काही विचारलं, तेही आईला. "आई, आबांनी आधीच दार का नाही उघडलं?"

अनिताचा हात सुपात थांबला. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "अगं, रेल्वेत इतकी वर्षं गेली त्यांची. गाड्यांच्या आवाजानं कान गेलेत. त्यांना ऐकूच आलं नसेल नीट."

सूनबाईनं मोठ्या मायेनं पुढं केलेला तो आधार होता. आबांनी फक्त गप्प बसायचं होतं. पोरीनं कदाचित ते खरं मानलं असतं, आणि ती हाक परत आली असती.

"न्हाई," आबा म्हणाले. "कान शाबूत हायेत माजे. मला ऐकू आलतं, सृष्टी. तू म्हनालीस, आत बसा. मी ऐकलं आनि मानलं न्हाई. मग तू म्हनालीस दार उघडं ठेवू, तवा बी मीच लावलं. तुजं काय बी चुकलं न्हाई. माजं चुकलं."

सृष्टी सुपातल्या तांदळाकडं बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तीनदा सांगितलं होतं."

"व्हय," आबा म्हणाले.

ती उठून आत गेली. आबा ओट्यावर तसेच बसून राहिले. त्यांना दोनदाच आठवत होतं. तिसऱ्यांदा कधी, कोणत्या शब्दांत, आपण तेव्हा काय करत होतो, हे पोरीला विचारायचा धीर त्यांना झाला नाही. दिवाळीपासूनची एकेक संध्याकाळ ते मनात काढून बघत होते, आणि प्रत्येकीत ती दारात उभी राहून काहीतरी बोलत होती.