जत्रेपुरती पाहुणी

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळात परवा 'स्थलांतर आणि आजची कादंबरी' या विषयावर चर्चा झाली. वक्ते तीन, तिघेही बोलके, आणि तिघांचं म्हणणं थोड्याफार फरकानं एकच. माणसाला गाव सोडावं लागतं, मुळं तुटतात, मग तो शहरात हरवतो. मी मागच्या रांगेत चिवडा खात ऐकत होते आणि माझं डोकं फिरत चाललं होतं. कादंबरीतला माणूस गाव एकदाच सोडतो. पिशवी उचलतो, वळणावर मागे बघतो, झालं. त्याला कारणही एकच असतं, दुष्काळ तर दुष्काळ, दंगल तर दंगल. पण ते कारणच उद्या नाहीसं झालं, तर तो माणूस परत जाऊ शकतो का? मी हे विचारायला उठणार, तेवढ्यात विश्वनाथनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, माझा हात दाबला. जन्मभर केंद्र सरकारची नोकरी केलेला माणूस. सभेत कुणी प्रश्न विचारला की हे आधी दाराकडे बघतात. तिथे बोलू दिलं नाही, म्हणून इथे सांगते.

मला प्रभा माहीत आहे. तिची आणि माझी ओळख एका शिवीमुळे झाली.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सासूबाईंच्या जुन्या पाटल्या गाळून नव्या घडवायच्या होत्या. करोल बागेतला सराफ म्हणाला, "माताजी, गलाने का काम तो मराठे के पास होगा," आणि त्यानं मागच्या गल्लीतला एक अंधारा जिना दाखवला. जिन्यात नाक झोंबेल असा तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास. मी पदर नाकाला लावून उभी, आणि वरून आवाज आला, "ठेव मुडद्या ती भाकरी. तुझ्या बापानं थापलीया का?" मान वर करून बघते तर कठड्यावर एक माकड बाजरीची भाकरी घेऊन बसलेलं, आणि हातात लाटणं घेतलेली एक किडकिडीत बाई त्याचा उद्धार करत होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून 'अच्छा' नि 'चलो' यांच्यापलीकडे काही ऐकू येईनासं झालेल्या माझ्या कानांना काय गोड वाटलं म्हणून सांगू. मी पाटल्या विसरून वर गेले.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू परत द्यायचा. सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या हा धंदा करतात. हिंदुस्थानात जिथे म्हणून सराफ बाजार आहे, तिथे ती पोचलेली आहेत. एक जण जातो, बस्तान बसवतो, मग गावाकडून भाच्याला नाहीतर चुलतभावाला बोलावून घेतो. प्रभाचा नवरा गुणवंत असाच मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर दिल्लीला आला. धाकटा भाऊ विलास गावातच राहिला, कारण म्हातारी आई होती आणि कुसळं उगवणारा का होईना, बापाचा माळ होता. प्रभा लग्न होऊन काही दिवस सासरी टँकरच्या रांगेत उभी राहिली आणि मग गुणवंतच्या मागोमाग करोल बागेत आली.

खाली भट्टी आणि वर एक खोली. त्या खोलीत तिनं सगळा संसार केला, मुलगा वाढवला, शिकवला. तो आता गुरुग्रामला एका कंपनीत आहे आणि मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. खिडकी उघडावी तर धूर, मिटावी तर उकाडा. दिल्लीवर तिचा राग इतका, की थंडीत दात वाजायला लागले तरी ती म्हणायची, "गावाकडं अशी थंडी न्हाई बगा, तिकडची थंडी मायाळू असती." मी म्हणायचे, अगं, थंडी ती थंडी. तिला पटायचं नाही.

हळदीकुंकवाला, गणपतीला ती बस बदलत आमच्या क्वार्टरमध्ये यायची. आमचं क्वार्टर तळमजल्याचं, पुढे हातभर बाग. आली की पाच मिनिटं टेकायची आणि मग नळाला पाइप लावून झाडांना पाणी घालत उभी राहायची. इतर बायका आत वाण घेतायत आणि ही चिखलात. एकदा मी वैतागून म्हटलं, "प्रभा, माळी येतो गं आमच्याकडे." ती म्हणाली, "ताई, आमच्या रानाला एवढं पानी असतं ना, तर मी ह्या दिल्लीला पाय लावला नसता." मी पुन्हा कधी तिला अडवलं नाही.

चैत्रात गावची जत्रा असते. देशभरातले गलाईवाले त्यासाठी गावी जातात. लग्नं ठरतात, देणग्या दिल्या जातात, आठवडाभर गाव फुलून जातं. त्यांची एक जुनी खोड आहे, आणि माझ्या मते साऱ्या घोळाचं मूळ तिच्यात आहे. आपण परमुलखात कसे राहतो हे गावात कधी सांगायचं नाही. गुणवंतनंही सगळ्यांसारखं गावात दुमजली घर बांधलं, वर कठड्याला सिमेंटचे दोन हत्ती बसवले. वर्षातला तो आठवडा सोडला तर त्याला कुलूप. विलासचं बिऱ्हाड शेजारच्या जुन्या घरात, आणि जत्रेत चूल सगळ्यांची तिथेच. प्रभा जत्रेला निघाली की अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालायची. गावाला वाटायचं, दिल्लीत यांचा महाल आहे.

मग घरचे लोक तरी काय करणार? विलासची बायको सुमित्रा प्रभाला पाहुणीसारखी जपायची. पाट मांडून आधी वाढायची, भांड्याला हात लावू द्यायची नाही. "आक्का, तुमी बसा. तुमाला सवय ऱ्हायली न्हाई." थोरली सून असून प्रभा तिथे खुर्चीवर बसायची. मला सांगताना ती हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आणि मग एके वर्षी पाणी आलं. उपसा योजनेचा कालवा गावाच्या शिवेवरून गेला. प्रभानं मला फोन केला आणि रडायलाच लागली. मला वाटलं, गावाकडचं कुणी गेलं. "ताई, पानी आलं. आमच्या माळाच्या कडंला पानी आलं." पुढची दोन वर्षं ती दर फोनला सांगत होती, विलासनं माळ फोडला, गाळमाती आणून टाकली, डाळिंब लावलं, डाळिंबाला फूल आलं.

इकडे गुणवंतचा खोकला वाढत होता. तेजाबाच्या धुरात उभा जन्म गेलेला, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, भट्टी सोडा. तेव्हा प्रभानं ठरवलं, आता घरी जायचं. येत्या जत्रेत विलासकडे वाटणीचा विषय काढायचा, अर्धं रान मागून घ्यायचं आणि तिथेच राहायचं. जन्मभर जे मागितलं ते आता समोर वाहत होतं, फक्त बोलायचं बाकी होतं.

"ठणकावून सांग," मी म्हटलं, "बापाची जमीन आहे, तुमचा हक्क आहे."

"हक हाय ओ ताई," ती म्हणाली, "पर तोंड पायजे ना. कुसळं हुती तवा आमी दिल्लीत. आता फूल आलं तर आमी वाटा मागाय जायचं?"

तरी गेली. जत्रेत काय झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. गुणवंत रोज म्हणायचा, आज बोलतो. पालखीच्या दिवशी बोलायचं नाही, कुस्त्यांच्या दिवशी घरात पाहुणे, असं करत करत आठवडा सरला. शेवटच्या सकाळी प्रभा स्वतःच उठली, न्हाली आणि धाडस करून स्वयंपाकघराच्या दारात गेली. म्हणणार होती, सुमे, आम्ही या खेपेला परत जात नाही. तर सुमित्रा दरवर्षीप्रमाणे तयारच होती. पाट मांडलेला. डब्यात शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, प्रवासाच्या दशम्या बांधलेल्या. "बसा आक्का," म्हणून तिनं हिला बसवलं, हळदकुंकू लावलं आणि ओंजळीनं गहू, वर नारळ, हळकुंड, अशी ओटी भरली. प्रभा पदर धरून बसली ती बसलीच. संध्याकाळच्या गाडीनं दोघं दिल्लीला परत आली.

मी संतापले. तिला काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, "तोंडाला काय कुलूप घातलं होतं? गव्हाच्या ओंजळीनं तुझं घर बुडवलंस."

"ताई, तुमी शिकलेल्या," ती शांतपणे म्हणाली. "ओटी भरत्यात ती निघणाऱ्या बाईची. पदरात पडल्यावर मी न्हाई जात म्हणून कसं सांगायचं? तिला वाटलं असंल, आमी जावं."

सुमित्राच्या मनात तसं होतं की नुसती वर्षांची सवय होती, हे मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता. प्रभानं मात्र तोच अर्थ धरला. त्यानंतर आमच्याकडे आली की ती आत बसून राही. निवृत्तीनंतर घेतलेल्या आमच्या घरापुढेही हातभर बाग होती, पण ती पाइपला हात लावत नसे. मला ते बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा नेहमीसारखी बिघडली आणि गुणवंतला श्वास घेता येईना. इस्पितळात ठेवावं लागलं. मुलानं न विचारता काकाला फोन केला, आणि विलास-सुमित्रा दोघं मिळेल त्या गाडीनं आली. जन्मात पहिल्यांदा दिल्लीला. मी खिचडीचा डबा घेऊन इस्पितळात गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

तिथून प्रभा आम्हा तिघांना घरी घेऊन आली. तो जिना, तो वास. सुमित्रा खोलीत येऊन उभी राहिली, चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, "आक्का, बाकीच्या खोल्या कुठं हायत?"

"हीच हाय," प्रभा म्हणाली.

सुमित्रा गव्हाच्या डब्यावर मटकन बसली. मग रागानं तिचा चेहरा लाल झाला. "आन आमी तिकडं म्हनतोय, दिल्लीवाल्यांचं आमच्या घरात कसं भागायचं. दरसाली तुमाला गादीवर बसवलं. तुमची ओटी भरताना माझ्या मनात यायचं, ह्या सुखाकडं निघाल्या आन आमी इथं मातीत. एक सबूद बोलला न्हाई आक्का तुमी."

प्रभा स्टोव्हकडे बघायला लागली. मला वाटलं, ही आताही चहा टाकायला उठणार. मी तिला कोपरानं ढोसलं. ती विलासकडे वळली.

"भावजी, आमाला घरी यायचंय. जत्रेला न्हवं. ऱ्हायला."

विलास खाली बघत बोटं मोडत बसला. मला आधी राग आला, पण त्याचे हात बघितले आणि तो राग ओसरला. दगड फोडून फोडून नखं काळी पडलेली. शेवटी म्हणाला, "वैनी, डाळिंब मी देनार न्हाई. खोटं कशाला बोलू, रगत आटवलंय त्यात. त्याच्या खालचं रान अजून पडीक हाय. ते दादाचं. तिथवर पाइप मी आननार. पानी दोघांना पुरतंय." मग "दादाला बोलाय काय झालं हुतं?" असं म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

थंडी ओसरल्यावर प्रभा नि गुणवंत गेले. भट्टी मामाच्या नातवानं घेतली. करोल बागेत माझं आता काही काम उरलेलं नाही, तिकडून मेट्रो गेली तरी मी खिडकीबाहेर बघत नाही. तिची आठवण येते, फार येते. गुणवंतचा खोकला पुरता गेलेला नाही, पण रात्रीची झोप लागते म्हणे. खालच्या रानात त्यांनी पहिल्या साली शाळू घातला आणि निम्मा पाखरांनी खाल्ला.

मधे बरेच दिवस तिचा फोन नव्हता. मंडळातल्या त्या चर्चेच्या दुसऱ्याच दिवशी आला. आवाज ओला होता. मी घाबरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काल सुमीनं मला लई झापलं, ताई. चार बायका बसल्या हुत्या, त्यांच्याम्होरं. दूध उतू गेलं माझ्या हातनं. म्हनली, आक्का, डोळं फुटलं हुतं का? किती येळा सांगायचं तुमाला?"

माझा पारा चढला. "आणि तू ऐकून घेतलंस?"

"घेतलं की. चुलीपाशी बसून रडले पोटभर." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती हसत म्हणाली, "लगीन झाल्यापासनं त्या घरात मला कुणी असं बोललंच न्हवतं, ताई."