दानाचा डिमर

आमच्या विहारातल्या प्रत्येक वस्तूवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. पंख्याच्या पात्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर, सतरंजीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपावरसुद्धा. 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ', आणि खाली देणाऱ्याचं नाव. वारज्यात आमची वस्ती नवी होती तेव्हा ज्याला जे जमलं ते त्याने दिलं. त्यामुळे इथे वस्तू बिघडली तर दुरुस्त होते, काढून टाकली जात नाही. बुद्धमूर्तीवरच्या दिव्यांचा डिमरही असाच, आमच्यातल्या एका आजोबांनी त्यांच्या आईच्या स्मरणार्थ दिलेला. त्याची काळी कळ फिरवली की पिवळे बल्ब हळूहळू मंद होत जायचे. वंदना संपली की त्या मंद उजेडात सगळ्यांनी अर्धे डोळे मिटून शांत बसायचं, ही आमच्याकडची पद्धत.

गेल्या वर्षी समितीने वीज वाचवायची म्हणून बल्ब काढून एलईडी दिवे लावले. डिमर अर्थातच तोच ठेवला. पहिल्याच रविवारी कळ फिरवली आणि दिवे थरथरायला लागले. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. एक बाई तर म्हणाल्या, "मूर्ती हसल्यासारखी वाटते हो."

सरकारी इमारतींची विजेची कामं बघणं ही माझी नोकरी. मी सचिवकाकांना गाठलं. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आहेत आणि अजून फाइलवर शेरा मारल्यासारखंच बोलतात.

"काका, हा डिमर या दिव्यांना चालायचा नाही."

"ताई, डिमर चालतोय. दिवेच नखरे करतायत."

"दान दिलेली वस्तू आहे म्हणून म्हणताय ना?"

"आजोबा दर रविवारी समोर बसतात. तुम्ही सांगा त्यांना, तुमच्या आईला काढतोय म्हणून."

विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्याच एका रविवारी माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती नववीत आहे. वंदना झाली, दिवे मंद झाले, थरथर सुरू झाली. तिचा उजवा हात मांडीवर झटके खात होता. मला वाटलं डास असेल. मी तिच्याकडे वळून पाहिलं, तिनेही माझ्याकडे पाहिलं, आणि ती आडवी झाली. डोळे पांढरे, दात घट्ट, सगळं अंग ताठ. कुणीतरी ओरडलं, "कांदा आणा, चप्पल हुंगवा!" विज्ञानाच्या गोष्टी सांगणाऱ्या आमच्या विहारात चप्पल आली सुद्धा. मी ती भिरकावून दिली आणि तिला कुशीवर वळवून धरलं. ती शुद्धीवर येईपर्यंत मी एकच विचार करत होते, ही मला ओळखेल ना?

तिने ओळखलं. पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून मेंदूचा आलेख काढला आणि सांगितलं की लुकलुकणाऱ्या उजेडाने हिला आकडी येऊ शकते. गोळ्या सुरू झाल्या. "घाबरण्यासारखं काही नाही," असंही ते म्हणाले. डॉक्टर हे वाक्य बोलले की माणसाने घाबरायला सुरुवात करावी, असा माझा अनुभव आहे.

आणि घाबरायला कारणं काय कमी आहेत? पुण्यात लुकलुकत नाही असं काय आहे? रिक्षातून जाताना झाडांमधून येणारं ऊन, दुकानाच्या पाटीभोवती पळणारे दिवे, गणपतीतली रोषणाई, लग्नाच्या हॉलमधलं छत. मी कुठेही गेले की आधी मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरायचे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले की तिला घेऊन बाहेर. घरातले दिवे बदलले, टीव्ही बंद केला. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी. आतून काही पडल्याचा आवाज आला की मी दार वाजवायचे. बहुतेक वेळा साबण असायचा.

तशात वर्षावास, म्हणजे विहारातले पावसाळ्याचे तीन महिने, संपत आला. आश्विन पौर्णिमेच्या समाप्तीला वंदना तिने म्हणवून घ्यायची असं आधीच ठरलेलं होतं. मी नाही म्हणाले.

"मग मी काय आता गुहेत राहू?" ती म्हणाली.

"गुहेत बरी राहशील. तिथे डिमर नाही."

ती रडत आत गेली. तिच्या वडिलांनी इतके दिवस मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना? मग दिवा दुरुस्त कर. पोरीला किती दुरुस्त करशील?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सचिवकाकांकडे गेले. आकडीच्या त्या दिवसापासून तेही हादरलेले होते. शेरा वगैरे काही न मारता त्यांनी विचारलं, "ताई, दोष नक्की कुणाचा होता?"

दोष कुणाचाच नव्हता, जोडी चुकली होती. जुना डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा तुकडा छाटून टाकतो. बल्बची तार तापलेली असते, तेवढ्या वेळात ती गार होत नाही, म्हणून उजेड अखंड दिसतो. एलईडीला तसली ऊब नसते, वीज गेली की दिवा लगेच विझतो. शिवाय जुन्या डिमरला धरून राहायला जड भार लागतो. हे दिवे इतकी थोडी वीज ओढतात की त्याची पकड सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते. तीच ती थरथर. यावर उपाय म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि डिमर एकमेकांना मानवणारे घ्यायचे, आणि ड्रायव्हर असा घ्यायचा की जो लाटा छाटत नाही, सलग वीजच कमी-कमी करत नेतो.

"आणि आजोबांची आई?" काकांनी विचारलं.

"ती भिंतीवरच राहील. फक्त तिच्या तारा सोडवू."

खिडक्यांना चादरी लावून आम्ही नवे दिवे तपासले. वरच्या टोकाला सगळं छान होतं. खरी परीक्षा खालच्या टोकाला असते. तिथे उजेड अगदी थोडा उरतो आणि डोळ्याला छोटासा धक्काही मोठा वाटतो. पहिल्या ड्रायव्हरने तिथे मान टाकली, दिवा फडफडून विझला. मी तो परत केला. दुसरा शेवटपर्यंत सलग उतरला. मी नव्या कळेची सर्वात खालची मर्यादा जरा वरच बांधून टाकली, म्हणजे कुणी कितीही पिळली तरी दिवे त्या डळमळीत जागी पोचणार नाहीत. कॅमेऱ्यात पट्टे नव्हते. काकांना थरथर दिसत नव्हती, मलाही दिसत नव्हती. पण कॅमेऱ्याला आणि आम्हाला न दिसणारं काही तिच्या मेंदूला दिसलं तर? त्याची तपासणी करणारं यंत्र माझ्या ऑफिसात नाही. तिच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "गोळ्या चालू आहेत, दिवा बदललाय, जाऊ द्या तिला." मग मी हो म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाही.

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. ती पांढऱ्या साडीत मूर्तीशेजारी उभी राहून वंदना म्हणत होती, मागून सगळे म्हणत होते. मी पहिल्याच रांगेत बसले, ती पडली तर डोकं धरता येईल इतक्या जवळ. वंदना संपली. आजोबा सवयीने उठले आणि थेट जुन्या कळेकडे गेले. मी अर्धी उठले. तारा आपणच सोडवल्यात हे माहीत असून उठले. त्यांनी कळ फिरवली, आणि त्याच वेळी सचिवकाकांनी पलीकडच्या भिंतीवरची नवी कळ हळूच उतरवली. उजेड सलग, न अडखळता खाली गेला. आजोबा वळून म्हणाले, "बघा, आईचा डिमर अजून कसा चालतो!" काकांनी गंभीरपणे मान डोलावली.

मी तिच्या हातांकडे पाहत होते, पापण्यांकडे पाहत होते. काही झालं नाही. दिवे पुन्हा वर आले, लोकांनी तिचं कौतुक केलं, खीर वाटली.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, "उजेड कसा वाटला गं? थरथर जाणवली का कुठे?"

"मला माहीत नाही. मी तुझ्याकडे बघत होते."

"माझ्याकडे कशाला?"

"त्या दिवशी पडायच्या आधी मला शेवटचा तुझाच चेहरा दिसला होता." ती साडीचा पदर कमरेला खोचत होती. "तू तसा चेहरा केलास की मला वाटतं, आता मला होणार. आज सगळा वेळ तुझा चेहरा तसाच होता, आई."

ती मागे बसली. आरशात ती मला दिसत होती, म्हणजे मीही तिला दिसत असणार. मी आरसा बाहेर वळवला आणि गाडी चालू केली.