शेवग्यावरचा घोस

सकाळी शेजाऱ्यांनी डासांसाठी नारळाच्या शेंड्या पेटवल्या. तो कडवट धूर स्वयंपाकघरात आला आणि माझा जीव एका जागी थांबेना. या वासानं अजूनही असंच होतं.

नवरा गेल्यावर माझी थोरली बहीण, अक्का, केलगेरीच्या आमच्या घरी परत आली होती. ती खोलीबाहेरच पडत नसे. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, परसात मधमाश्यांची पेटी आणून ठेवली. रोज ते तिच्या दारात बसून माश्यांबद्दल बोलत राहायचे आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

एका दुपारी सगळ्या माश्या पेटीतून उठल्या आणि शेवग्याच्या फांदीला काळा घोस होऊन लटकल्या. अप्पांनी घाईनं शेंड्यांचा धूर केला. कधी उडून जातील नेम नव्हता. मी नुसती आतबाहेर करत होते.

तेवढ्यात अक्का अनवाणी बाहेर आली आणि स्टुलावर चढली.

“अप्पा, पेटी खाली धरा.”

“अक्का, उतर! चावतील गं!” मी ओरडले.

“सुम्ने नी,” तिनं मला कानडीत गप्प केलं. “राणी आत पडली की बाकीच्या आपोआप येतात.”

तिनं फांदीला हिसका दिला. घोस पेटीत पडला. उरलेल्या माश्या तिच्या केसांवरून, दंडावरून भिरभिरत हळूहळू आत उतरल्या.

पेटी धरलेले अप्पांचे हात थरथरत होते. अप्पा माश्यांना घाबरलेत, असं तेव्हा मला वाटलं होतं.