पाण्याआधी जे येईल ते

आमच्या ग्रुपचे किस्से जमवावे लागत नाहीत, टाकीतल्या शेवाळासारखे आपोआप साठतात. आपण फक्त झाकण उघडायचं. रविवारी सकाळी टेंभी नाक्याजवळ नितीनच्या गच्चीवर आम्ही चौघं जमतो आणि पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बनवतो. कशासाठी, हे घरच्यांनी विचारणं सोडून दिलंय.

सेन्सर म्हणजे झाकणाखाली बसवायची एक डबी. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते, तो पाण्यावर आपटून परत येतो, त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. फक्त पाण्याआधी जे काही मध्ये येईल, तेच तिला पाणी वाटतं.

---

नितीन बँकेत आहे, त्यामुळे त्याचा मशीनवर आंधळा विश्वास. एकदा मोबाइलवर टाकी फुल्ल, आणि वहिनी अंगाला साबण लावून बाथरूममधून ओरडतायत. "अगं पाणी आहे, ग्राफ बघ ना!" हा बाहेरून सांगतोय.

शेवटी वर जाऊन बघितलं. टाकी कोरडी, आणि सेन्सरला चिकटून एक पाल. आजही नळ गेला की वहिनी विचारतात, "पाल आहे का वर?"

---

माझी फजिती वेगळी. आमच्या कल्याणच्या सोसायटीची टाकी रोज जेवणाआधी भरलेली आणि जेवणानंतर रिकामी दिसायची. वॉचमन गारव्यासाठी आपला डबा टाकीत, नेमका सेन्सरखाली, टांगून ठेवत होता.

"साहेब, तुम्ही हुक एवढा छान लावलाय," तो म्हणाला.

---

माधवीताई डोंबिवलीच्या, फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. बाल्कनीतल्या बादलीवर त्यांचा सेन्सर. त्या जवळ गेल्या की बादलीतलं पाणी ग्राफवर उडी मारायचं. कारण त्यांनीच शोधलं: काचेच्या बांगड्यांच्या किणकिणीत आपल्याला न ऐकू येणारा आवाजही असतो, तो सेन्सरला ऐकू येतो. बांगड्या काढून ठेवल्या. तरी रोज दिवेलागणीला उडी होतीच.

"शेजारी कोणी पूजेची घंटा वाजवत असेल," मी म्हटलं.

"शेजारच्या आजी गेल्यापासून तिथे कुलूप आहे," ताई म्हणाल्या. "मी संध्याकाळी सेन्सर बंद ठेवते. उगाच डेटा खराब होतो."

आम्ही हसलो, पण ताई हसल्या नाहीत.

---

चौथे दत्ताभाऊ, कल्याणजवळच्या मोहने गावचे. शेती गेली, जागा राहिली. घरामागे जुनी विहीर, ती बुजवून त्यांना पार्किंग करायचं होतं. त्यांच्या आई ऐकेनात. "जित्या विहिरीत कोनी माती टाकतं का रे?"

"मेली ती विहीर, आई. पावसाचं पानी साचतं, तेवरंच," भाऊंचं म्हणणं.

शेवटी ठरलं, सेन्सर लावायचा. भर उन्हाळ्यात पाणी टिकलं तर विहीर राहील, नाहीतर डंपर येईल. आम्ही विहिरीवरच्या लोखंडी जाळीला आतून सेन्सर बसवला आणि भाऊंनी जाळीला कुलूप घातलं.

भाऊंच्या घरी ग्राफ घेऊन बसलो तेव्हा पाणी रोज थोडं थोडं उतरलेलं. आईंची बाजू हरल्यातच जमा होती. मला वाईट वाटलं. पण रोज दुपारी एक रेष पाण्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत होती. जाळीखाली येऊन बराच वेळ थांबायची, मग एकदम खाली.

"पाल," मी म्हटलं.

"पाल अशी थांबत थांबत चढत नाही," माधवीताई म्हणाल्या. "आणि पायऱ्या सारख्या नाहीत. एक मोठी, एक लहान. शेवटपर्यंत तसंच."

आईंनी मोबाइल मागून घेतला. रेषेवरून बोट फिरवलं.

"एक हात लांब, एक आखूड," त्या म्हणाल्या. "ही तर आमची सासू. डावा हात मोडलेला, वाकडाच बसला. तशीच शेंदायची पानी."

रहाट, दोर, सगळं कधीच काढून टाकलेलं. भाऊंचा आवाज बारीक झाला. "मंग वर येऊन थांबते कशाला?"

"भरली घागर डोक्यावर द्यायला दुसरं मानूस लागतं," आई म्हणाल्या. "मीच द्यायचे."

भाऊ फोन घेऊन अंगणात गेले. "डंपर नको," एवढंच आम्हाला ऐकू आलं.

"वाजलं किती?" आईंनी विचारलं, आणि पलंगाखाली वाकून चपला शोधायला लागल्या.