वकीलआक्कांनी न बदललेलं वाक्य

वारस नोंदीचा कागद आहे असं सांगून मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावली. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, आजी, तुलाच कुणीतरी फसवलं असेल. नाही रे बाबांनो. मी अंगणवाडी सेविका होते. गावातल्या अर्ध्या बायकांचे कागद मीच वाचून दाखवायचे आणि त्याचा मला केवढा तोरा होता. तो कागदही मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला होता. वडिलांच्या हसनाबादजवळच्या जमिनीतला आपला हिस्सा आम्ही दोघी बहिणी भावाला सोडून देत आहोत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबानं कमलला विचारलं, राजीखुशीनं ना? कमल बुजरी. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिच्या वतीनं मीच म्हणाले, "राजीखुशीनंच, साहेब."

का केलं? आमच्याकडे बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं. भाऊ भाऊबीजेला आला, माझ्यासाठी भारीतली साडी घेऊन आला आणि म्हणाला, ताई, कमल तुझ्या शब्दाबाहेर न्हाई. एवढ्यानं मी फुगले. माझ्या नवऱ्याची भोकरदनला चांगली बागायत होती, मला त्या जमिनीची गरजच नव्हती. म्हणजे मला नको होतं ते मी उदारपणे दिलं, आणि त्यासोबत कमलचंही देऊन टाकलं. कमल विधवा, एका मुलीची आई. माहेरच्या मागच्या खोलीत राहून तीच ती जमीन कसत होती. सहा महिन्यांनी भावानं तिला खोली सोडायला सांगितलं. तेव्हा तिला कळलं आपण कशावर सही केली ते. ती माझ्याकडे आली नाही. भोकरदनच्या कोर्टात गेली, वकीलआक्कांकडे.

वकीलआक्का म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिलेली पहिली बाई. माहेर मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातलं. सुरुवातीला वकिलांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती, म्हणून त्यांनी आवारातल्या लिंबाखाली वडिलांची घोंगडी अंथरली आणि तिच्यावर बसून काम चालू केलं. पुढे खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, पण बायका खुर्चीवर बसायला बिचकतात म्हणून घोंगडी राहिलीच. कुणी वकील चेष्टेनं म्हणाला, आक्का, हे कोर्ट आहे का मेंढवाडा? त्या म्हणाल्या, "मेंढवाडाच हाये की. फक्त हितं कोकरं कमी अन् लांडगे जास्त."

त्यांच्याकडे कैफियत सांगायची तर आधी जेवावं लागायचं. खेड्यातून पहिल्या एसटीनं आलेली बाई उपाशी असते आणि उपाशी माणूस तारखा चुकीच्या सांगतो, असा त्यांचा अनुभव होता. पिशवीत कागदांच्या वर फडक्यात बांधलेल्या भाकरी असायच्या. पहाटे उठून त्या करायच्या, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना न्हाऊ घालायच्या, त्यांची वेणी घालायच्या आणि मग कोर्ट. एकदा उशीर झाला म्हणून न्यायाधीशांनी कारण विचारलं. सासूबाईंच्या केसातली गुंत निघाली नाही, असं त्यांनी खरंखरं सांगितलं म्हणे. साहेबही हसले. ती वेणी त्यांनी चौदा वर्षं घातली. दिराच्या दोन मुलींची शिक्षणंही त्याच घरात झाली.

दुसरी सवय वाचून दाखवण्याची. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात त्या बसायच्या आणि कुणाचाही कागद वाचून द्यायच्या. एकदा वाचायचा, पुन्हा वाचायचा आणि मग त्या माणसालाच विचारायचं, आता तू सांग, यात काय लिहिलंय? त्यानं आपल्या शब्दांत सांगितलं तरच अंगठा. मी याची टिंगल करायचे. वकीलआक्का एका कागदाला अर्धा दिवस लावतात, मी पाच मिनिटांत मोकळी करते, असं चारचौघींत म्हणायचे. पाच मिनिटांत मोकळी! कमलला तर मी दोन मिनिटांतच मोकळी केली होती.

दाव्यात सगळा भार एका गोष्टीवर होता. कमलला फसवून सही घेतली, हे सिद्ध व्हायला हवं होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. भाऊ तर बोलणार नव्हता. मी साक्ष दिली तर कमलला जमीन परत मिळायची आशा, नाही दिली तर तिनं लेकीला घेऊन कुठं जायचं? एवढं कळूनही वकीलआक्कांचं साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा मी निरोप पाठवला की उजवा गुडघा आखडलाय, येता येत नाही.

चौथ्या दिवशी वकीलआक्का स्वतःच दारात. मी पटकन आडवी झाले. त्यांनी काही न बोलता सुनेकडून कोमट तेल मागितलं आणि माझ्या पायाशी बसून गुडघा चोळायला लागल्या. मी डोळे मिटून कण्हत होते. थोड्या वेळानं त्या शांतपणे म्हणाल्या, "निरोपात उजवा होता. तुम्ही डावा पुढं केला." सून पदरात तोंड घालून आत पळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चोळणं थांबलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "आमचे वडील म्हनायचे, मेंढरू चुकलं तर उभं राहून हाका मारू नये. ज्या वाटंनं आलो त्याच वाटंनं माघारी जावं."

मी गेले. माझं प्रतिज्ञापत्र त्यांनी घोंगडीवर बसून मला दोनदा वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: कागद हक्कसोडीचा आहे हे मला माहीत होते व मी बहिणीस खोटे सांगितले. मी म्हणाले, आक्का, तेवढं जरा मऊ करा. बहिणीचा गैरसमज झाला, असं लिहिलं तर?

"गैरसमज कोनाचा झाला?"

"कमलचा."

"अन् तुमचा?"

मी घोंगडीचा एक सुटलेला धागा उपसायला लागले.

"मंग गैरसमज न्हाई तो. गैरसमज लिहिला तर तिकडचा वकील म्हनंल, बाई येडी होती, तिला समजलं न्हाई. येडी ती न्हवती, इंदूबाई."

मी म्हणाले, भावाची बायको, माझे व्याही, सगळी येऊन बसणार तिथं. त्या म्हणाल्या, बसू द्या. मग नेहमीसारखं मलाच विचारलं, आता तुम्ही सांगा, यात काय लिहिलंय? गावाला कागद वाचून दाखवणारी मी, मला ते एक वाक्य आपल्या तोंडानं सांगायला पाऊण तास लागला. तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाला पुढे घेतलं नाही. मला घाईही केली नाही. सांगून झालं तेव्हा सहीसाठी पेन पुढे केला.

साक्षीच्या दिवशी भावाच्या वकिलानं माझी चांगलीच साल काढली. साडी मनासारखी नव्हती म्हणून उलटलात का, असंही विचारलं. मी म्हणाले, साडी फार चांगली होती, म्हणून तर सही घेतली. कोर्टात हशा पिकला. भाऊ माझ्याकडे बघत होता. तो त्यानंतर माझ्या दारात आला नाही, माझ्या नातवाच्या लग्नातही नाही. ज्या माहेरासाठी मी हे केलं ते त्या दिवशी पुसलं गेलं. कमल मागच्या बाकावर बसली होती, तिनं मान वर केली नाही.

दावा पुढे खूप लांबला. निकाल कमलच्या बाजूनं लागला, भाऊ अपिलात गेला, तिथंही तो हरला. आज कमल आपल्या हिश्श्यात मोसंबी लावून आहे. मला बोलते, पण कामापुरतं, आणि तेवढंही मला जास्त वाटतं. वकीलआक्का मागच्या उन्हाळ्यात गेल्या. कोर्टाच्या आवारात सभा झाली. वकील बोलले, दिराच्या मुली बोलल्या, त्यातली एक आता मंठ्याला वकिली करते. मलाही कुणीतरी दोन शब्द बोला म्हणालं. एरवी माईक दिसला की मी सोडत नाही, पण त्या दिवशी खाली बघत बसले. त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सगळे सांगत होते आणि मला आठवत होतं ते साक्षीनंतरचं.

तेव्हा मी साक्ष देऊन बाहेर आले होते आणि खरं सांगते, मला फार मोकळं वाटत होतं. ऊर भरून आला होता. आता आक्का पाठीवर हात ठेवतील, इंदूबाई, लई हिमतीचं काम केलं म्हणतील, अशी माझी पक्की खात्री होती. म्हणून मी लिंबाखाली त्यांच्यापुढे जाऊन पदर डोळ्यांना लावला, आणि एक डोळा उघडा ठेवून बघत राहिले. त्या पिशवीत कागद भरत होत्या. भरून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"रडायचं ते घरी रडा, इंदूबाई. तुमचं आज झालं, कमलचं न्हाई. तिच्या तारखा अजून लई हायेत. दर तारखंला येत जा अन् तिच्या बाजूला बसत जा. ती बोलली न्हाई तरी बसत जा."